तिबेटची उंचावरील चूल

आषाढ कोरडा जाऊं लागला म्हणजे मुंबई-पुण्याकडचीं माणसें समुद्राकडे डोळे लावतात. ढग तिकडूनच यावयाचे, तेव्हां तें स्वाभाविक आहे. परंतु हवामानशास्त्रज्ञांचें लक्ष हिमालयाच्या पाठीमागेंहि असतें.

तेथें तिबेटचें पठार आहे. विस्तार सुमारें २५ लाख चौरस किलोमीटर. सरासरी उंची ४,००० मीटरांहून अधिक. इतक्या उंचीवर थंडीच असावयाची, ही समजूत खोटी नव्हे, पण अपुरी आहे. तेथील विरळ हवेचा दाब समुद्रसपाटीवरील दाबाच्या सहा दशांशांच्या आसपास भरतो, बाष्पहि अल्प. त्यामुळें सूर्यकिरण वाटेंत फारसे न अडतां जमिनीवर पडतात व उन्हाळ्यांत दिवसा ती चांगलीच तापते. रात्रीं तीच जमीन आपली उष्णता आकाशांत भराभर टाकून गारठते.

जमीन तर मैदानांतहि तापते. मग यांत विशेष तें काय? विशेष हें कीं, ही चूल माळ्यावर मांडलेली आहे. मैदानावर तितक्या उंचीवरची हवा थंड असते. तिबेटांत ती जमिनीला लागूनच असल्यामुळें तापते, वर चढते व पसरते. पावसाळ्यांत भारतावरून अतिशय उंचावर जो वेगवान पूर्वेकडील वारा वाहतो, तो या पसरणाऱ्या हवेच्या दक्षिण कडेनें. भारतीय शास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम् यांनीं त्याचें वर्णन १९५८ मध्यें प्रसिद्ध केलें.

मग ही चूल एखाद्या वर्षीं उशिरां पेटली तर? १८७६-७८ च्या दुष्काळानें दख्खन होरपळल्यावर पुढचा पाऊस आधीं ओळखण्याची निकड भासूं लागली. भारतीय हवामानखात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनीं १८८४ मध्यें असें मांडलें कीं, हिमालयांत बर्फ फार पडलें तर पुढचा पाऊस उणा पडतो. ताजें बर्फ बहुतेक ऊन परत फिरवितें. उरलेलें ऊन तें वितळण्यांतच खर्चीं पडतें. हा आडाखा दरवर्षीं उतरला नाहीं, पण निव्वळ कल्पनाहि ठरला नाहीं.

खरा धक्का पुढें बसला. २०१० मध्यें बूस व कुआंग यांनीं संगणकावरील नमुन्यांतून पठार काढून केवळ हिमालयाची भिंत ठेविली. तरी भारतावरील मोसमी वारे बहुतांशीं तसेच राहिले! उत्तरेची कोरडी हवा अडविणें हेंच मुख्य कार्य, असा त्यांचा निष्कर्ष. यावर चिनी शास्त्रज्ञांचा आक्षेप असा कीं, भिंतीच्या उतारांवरील उष्णता काढून घेतली तर पाऊसहि हटतो. हा आक्षेप सहज झटकण्याजोगा नाहीं. कारण भिंतहि उन्हांतच उभी आहे.

वाद असा चालू असतां बर्फाकडे पाहण्याची चाल मात्र सुटलेली नाहीं. एप्रिल २०२४ मध्यें भारतीय हवामान विभागानें सरासरीहून अधिक पावसाचें भाकीत केलें, तेव्हां उत्तर गोलार्धांत बर्फाचें आच्छादन कमी असल्याची नोंद त्यांत होती. त्या वर्षीं पाऊस सरासरीहून अधिक झाला.