नोंदवही, छापा आणि खटल्याचा कागद

बोगस डॉक्टर पकडल्याची बातमी येते तेव्हा सोबत छायाचित्र असते: टेबलावर मांडलेल्या सलाइनच्या बाटल्या, मागे उभे अधिकारी. पुढे त्या माणसाचे काय झाले, याची बातमी सहसा येत नाही. मला आज त्या ‘पुढे’विषयी बोलायचे आहे. आलेली तक्रार कोणत्या कलमात बसते, पुरावा कोणता लागेल, तो कोर्टात टिकेल का, हे तपासायला सरकारात एक माणूस लागतो. त्याला आपण विधी अधिकारी म्हणू. जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांत परवान्याचा कायदा खरा ठरतो की नाही, हे छापा घालणाऱ्यापेक्षा या माणसावर अधिक अवलंबून आहे, असे माझे म्हणणे आहे.

डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा आपल्याकडे नवा नाही. मुंबई इलाख्यात तो १९१२ सालीच झाला. आज ॲलोपॅथी, आयुर्वेद-युनानी आणि होमिओपॅथी यांच्या वेगवेगळ्या परिषदा आहेत आणि प्रत्येकीची नोंदवही वेगळी. परिषद दोषी डॉक्टरचे नाव नोंदवहीतून काढू शकते. ज्याचे नाव नोंदवहीत कधी नव्हतेच, त्याचे ती काय काढणार? तो माणूस पोलीस आणि कोर्टाच्या हवाली होतो. तिथे कायदा मवाळ आहे असेही नाही. १९६१च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियमाच्या कलम ३३ खाली पहिल्याच गुन्ह्याला दोन ते पाच वर्षे सक्तमजुरी आहे. २०१९च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही आहेत. अडते ते सिद्ध करण्यापाशी. खोलीत औषधे सापडली, एवढ्याने ‘हा माणूस व्यवसाय करत होता’ हे सिद्ध होत नाही. कोणाला तपासले, काय टोचले, पैसे किती घेतले, हे सांगणारा रुग्ण साक्षीदार हवा. तिन्ही परिषदांकडून ‘या नावाची नोंद नाही’ असे प्रमाणित पत्र हवे. पंचनाम्यात औषधांची नावे आणि बॅच क्रमांक हवेत. १ जुलै २०२४ पासून झडती-जप्तीचे चित्रीकरणही नव्या फौजदारी संहितेने आवश्यक केले आहे. यातला एक कागद राहिला तरी बचावाच्या वकिलाला तेवढी फट पुरते. हे सारे छाप्याच्या आधी ठरवायचे असते, आणि आरोग्य अधिकाऱ्याला ते कोणी शिकवलेले नसते. ताप, सर्पदंश आणि बाळंतपणे सांभाळणाऱ्या डॉक्टरकडून सरकारी वकिलाचे काम मागणे त्याच्यावरही अन्याय आहे.

शिवाय बोगस कोणाला म्हणायचे, हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. होमिओपॅथी शिकलेल्या डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधे दिली आणि मुंबईतला एक रुग्ण दगावला. त्या पूनम वर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सांगितले की, ज्या पद्धतीचे ज्ञान नाही तिचे उपचार करणारा हा त्या पद्धतीपुरता भोंदूच. त्यानंतर २०१४ साली आपल्या राज्याने कायदा बदलून, औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पुरा केलेल्या होमिओपॅथांना वाट मोकळी केली. ठरावीक अर्हतेच्या वैद्यांनाही शासनाच्या अधिसूचनांनी आधुनिक औषधांची मुभा आहे. मग पाटीवर पदवी असलेल्या माणसाची औषधे पाहून लगेच गुन्हा नोंदवायचा का? अजिबात नाही. त्याची पदवी, नोंदणी आणि मुभा कोणती, हे आधी कागदावर पडताळायला हवे. विधी अधिकाऱ्याची तपासणी प्रामाणिक डॉक्टरचेही रक्षण करते, हे आपण सहसा लक्षात घेत नाही.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे. पाड्यावर बोगस डॉक्टरशिवाय दुसरे कोणी येत नाही; त्याला उठवले तर रात्री तापाने फणफणलेल्या पोराला घेऊन आईने जायचे कुठे? ज्या जव्हार तालुक्याने १९९२-९३ मध्ये वावर-वांगणी या गावांतले बालमृत्यू पाहिले, तिथे हा प्रश्न झटकून टाकता येणार नाही. पण फसवे इंजेक्शन नुसते निरुपयोगी नसते. त्याने ताप तासाभरासाठी उतरतो, घरच्यांना बरे वाटते, आणि न्यूमोनियाचे पोर जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयात एक दिवस उशिरा पोहोचते. डॉक्टर नसणे हा सरकारचा दोष आहे. त्याची भरपाई आदिवासी लेकरांनी का करायची? रिकामी पदे भरा आणि खटलेही चालवा. एकाचे कारण दाखवून दुसरे थांबवू नका.

दुसरा आक्षेप भगत आणि सुईणींचा. कायदा त्यांच्यावरही चालवणार का? पाला-मुळी देणारी म्हातारी आणि सलाइन लावून हजार रुपये घेणारा फिरता ‘डॉक्टर’ यांना एकाच फायलीत घालणारा अधिकारी आपले काम समजलेला नाही. कोणती तक्रार आधी घ्यायची, हा विवेकही त्याच्याच कामात येतो. जव्हार-मोखाडा हे तालुके आज पालघर जिल्ह्यात आहेत आणि परिषदांची कार्यालये मुंबईत. म्हणून माझी मागणी साधी आहे: अशा तक्रारी तपासणारा विधी अधिकारी आठवड्यातून ठरल्या वारी जव्हारला बसावा. आणि तुम्हाला विनंती अशी की, दवाखान्याच्या भिंतीवर नोंदणी क्रमांक दिसला नाही तर विचारा, ग्रामसभेत विषय मांडा, आणि तक्रार तोंडी न ठेवता लेखी द्या. तिच्यावर तारीख घाला आणि पोच घेतल्याशिवाय परतू नका.