मांडव उभा करणाऱ्याची बिदागी

(गतवर्षी गणेशोत्सवात ‘आपली मुले, आपले व्यवसाय’ या कार्यक्रमात आपल्या मंडळाच्या एका सभासदांनी केलेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते राज्य सरकारी सेवेत आहेत.)



आम्ही व्याख्याते नव्हेत. डिप्लोमा सिव्हिलचा, नोकरी सरकारी, आणि गणपतीच्या दिवसांत मंडळाची पडेल ती कामे. तरीही आज आम्हाला इथे उभे केले, त्याचे कारण गेल्या वर्षभरात आपल्यापैकी चार-पाच घरांतून आलेला एकच प्रश्न. “पोरगा इव्हेंट मॅनेजमेंट करतो म्हणतोय. त्यात सुटतात किती?” बिदरमध्ये विचारला गेला, भालकीला एका साखरपुड्यात विचारला गेला, गुलबर्ग्याला, म्हणजे आताच्या कलबुर्गीला, एका बहिणीने फोनवर विचारला. तेव्हा ठरवले, की याचा हिशेब एकदा सगळ्यांसमोरच मांडावा.

आधी एक गोष्ट आपल्या ध्यानात आणून देतो. समारंभात राबणाऱ्या प्रत्येकाच्या पैशाला आपल्या भाषेत वेगळे नाव आहे. मांडववाल्याला भाडे, मजुराला रोज, आचाऱ्याला पानामागे दर, भटजींना दक्षिणा, वक्त्याला मानधन, गवयाला बिदागी. माणिकनगरला दत्तजयंतीच्या उत्सवात दरबार भरतो, गायक-वादक हजेरी लावतात. बिदागी या शब्दाचा मान काय, हे आपल्या भागाला कुणी शिकवायला नको. पण या सगळ्यांना एकत्र आणणारा, कोण किती वाजता येणार, जेवण कधी लागणार, दिवे गेले तर काय करायचे, हे डोक्यात घेऊन तीन दिवस न झोपणारा जो माणूस असतो, त्याच्या पैशाला नाव काय? नाव नाही. कारण ते काम आपल्याकडे घरातले काका करीत, मामा करीत. लग्न उरकल्यावर त्यांना टॉवेल-टोपी मिळे आणि ‘काकांनी सगळं निभावलं’ एवढे कौतुक मिळे. ज्याला नाव नाही, ते द्यायला हात पुढे होत नाही. या धंद्यातल्या कमाईचे निम्मे दुखणे इथेच आहे.

आता कमाईचे प्रकार पाहू. मुख्यतः चार आहेत.

पहिला, पगार. हैदराबाद, पुणे, बंगळूरच्या कंपन्यांत मुलगा लागतो. आपल्या ओळखीची जी मुले गेली, त्यांनी सुरुवातीला महिना १५ ते २० हजार सांगितले. खोलीभाडे आणि मेस वजा जाता हातात फार उरत नाही, पण काम शिकायला मिळते. दुसरा, कामागणिक पैसे. मोठ्या कार्यक्रमाला दिवसाच्या हिशेबाने माणसे घेतात. काम असेल तेव्हा पैसे, नसेल तेव्हा घरी. तिसरा, टक्का. एकूण खर्चावर ठरावीक टक्के किंवा आधीच ठरवलेली ठोक रक्कम. चौथा, स्वतःचे सामान. ज्याच्याकडे स्वतःचा शामियाना, जनरेटर, साउंड आहे, त्याला संयोजनाचे पैसे कमी मिळाले तरी भाड्यातून भरून निघते. पण त्याचे पैसे सामानात अडकलेले असतात, हेही विसरू नये.

आता तिसऱ्या प्रकाराचा हिशेब करू, कारण आपली मुले तेच करू पाहतात. समजा, ६ लाखांचे लग्न आहे आणि १० टक्के ठरले. म्हणजे ६० हजार. पोराच्या आईला वाटते, एका लग्नात ६० हजार! थांबा. त्यातून दोन मदतनीस, गाडीचे पेट्रोल, चार वेळा हॉल पाहायला जाणे, ऐन वेळी आणलेली दोनशे पाने आणि गजरे, असे २८ हजार गेले असे धरू. उरले ३२ हजार. वर्षात अशी १४ लग्ने मिळाली तर ४ लाख ४८ हजार. महिन्याला सरासरी ३७ हजार. त्यातल्या दोन यजमानांनी निम्मे पैसे ‘नंतर बघू’ म्हणून ठेवून घेतले, तर ६० हजार कमी. महिन्याची सरासरी ३२ हजारांवर आली. आणि हे पैसे दर महिन्याला येत नाहीत. पाच-सहा महिन्यांत येतात आणि वर्षभर पुरवावे लागतात.

म्हणजे धंदा वाईट का? नाही. पण ‘उलाढाल’ आणि ‘कमाई’ या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे पोराला पहिल्या दिवशी कळले पाहिजे.

यातच जीएसटीची गोष्ट येते. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी करावी लागते, आणि या सेवेवर दर १८ टक्के आहे. आता मघाचीच १४ लग्ने घ्या. आचारी, मांडव, फुले या सगळ्यांचे पैसे पोराने स्वतःच्या बिलात घेतले, तर त्याची उलाढाल ८४ लाख. यजमानाने ज्याचे त्याला थेट दिले आणि पोराने फक्त आपल्या संयोजनाचे बिल केले, तर उलाढाल ८ लाख ४० हजार. काम तेच, कमाई तीच, पण कागद वेगळा. म्हणून आम्ही मुलांना सांगतो, पहिले काम घेण्याआधी एखाद्या हिशेबनिसाकडे अर्धा तास बसा. डेकोरेशनचा कोर्स नंतर करा.

आता कमाई कशाने वाढते, कशाने घटते, ते सांगतो.

एक, तिथी. तुळशीचे लग्न लागले की आपला हंगाम सुरू. आषाढ लागला की मांडव गोदामात. पण आपल्या जिल्ह्यांची एक मौज आहे. इथे लग्ने एकाच पंचांगाने होत नाहीत. मराठा, लिंगायत, मुसलमान, ख्रिस्ती, सगळ्यांचे दिवस वेगळे. शरणबसवेश्वरांचा रथोत्सव होळीनंतर, ख्वाजा बंदेनवाजांचा उरूस चांद्र महिन्याने दरवर्षी सरकत जाणारा, गाणगापूरला दत्तजयंती. जो फक्त आपल्या लोकांची लग्ने करतो त्याला सहा महिने काम. जो सगळ्यांची करतो त्याला नऊ महिने.

दोन, भाषा. बिदरच्या एका लग्नात वधूपक्ष उदगीरचा, वर औरादचा, आचारी कन्नड बोलणारा, मांडववाला दखनी बोलणारा आणि फोटोवाला जहिराबादचा तेलुगू. चौघांशी चार भाषांत, ‘अण्णा’, ‘भाई’, ‘मामा’ म्हणत बोलणारा मुलगा पुण्यात शोधून सापडायचा नाही. आपली मुले हे आईच्या पोटातून शिकून येतात आणि त्याची किंमत लावत नाहीत. १९५६ साली राज्ये भाषेवर वाटली गेली आणि आपण काठावर राहिलो, याचे दुःख आपल्या वडीलधाऱ्यांनी पुष्कळ केले. पण या एका धंद्यात काठ हेच भांडवल आहे.

तीन, तूर. हसू नका. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण आपला शेतकरी मानांकनावर लग्न करीत नाही, भावावर करतो. तूर निघून चांगल्या भावाने गेली, की वैशाखातल्या लग्नात स्टेज मोठे होते. पावसाने दगा दिला की पहिली कात्री लागते ती संयोजनाला.

चार, जोखीम. इथे आमचा डिप्लोमा बोलतो. स्टेजवर एकाच वेळी चाळीस नातेवाईक फोटोला चढतात. खालचे बांबू आणि पाईप कुणी तपासले? उघडी वायर ओल्या गवतावरून गेली आहे का? जनरेटर मांडवाच्या कापडाला चिकटून आहे का? रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद, हा नियम २००० सालापासून आहे. पोलीस आले तर पुढे कोण जाणार? जो ही जबाबदारी कागदावर घेतो, त्याने जास्त मागावे आणि आपण ते द्यावे. सरकारी अंदाजपत्रकात दर बांधताना सामान, मजुरी यांबरोबर ठेकेदाराचा नफा आणि वरखर्च धरलेला असतो. तो लपवत नाहीत, कारण त्याशिवाय काम उभे राहत नाही. मग घरच्या लग्नात तोच नफा आपल्याला लूट का वाटतो?

पाच, पत. बयाणा किती मिळतो आणि बाकी कधी मिळते, यावर खरी कमाई ठरते. सरकारी उत्सवांचे काम मोठे दिसते, पण त्याला निविदा, अनामत आणि बिल निघेपर्यंत थांबण्याची ताकद लागते. ज्याच्यामागे भांडवल नाही, त्याने त्यात पहिल्या वर्षी उतरू नये.

आणि सहावी गोष्ट, जी बोलायला जड जाते. हलगीवाला, संबळवाला, वाजंत्रीवाला यांना आपण अजून दर विचारत नाही, ‘खुशी’ देतो. बलुत्याची सवय आहे ही. डीजेवाल्याला आगाऊ पैसे मोजतो आणि हलगीवाल्याला वरात संपल्यावर वाट पाहायला लावतो. दोघेही वाजवतातच ना? २०२० साली टाळेबंदीनंतर लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली, तेव्हा सगळ्यांत आधी चूल थंडावली ती याच लोकांची. ठरलेला दर नव्हता, करार नव्हता, मागायला कागद नव्हता.

आता आपल्या मंडळाची गोष्ट. आमच्याच चुकीची आहे, म्हणून सांगायला हरकत नाही. आपल्या गल्लीतला एक मुलगा, नाव घेत नाही, त्याने सलग तीन वर्षे आपल्या उत्सवाचे सगळे संयोजन केले. कार्यक्रमपत्रिकेपासून विसर्जनाच्या ट्रॅक्टरपर्यंत. चौथ्या वर्षी त्याने बैठकीत हळूच सांगितले, “काका, या वर्षी दहा दिवस इतर काम सोडावं लागतंय. काही मानधन धरता येईल का?” तेव्हा उत्तर देणारे आम्हीच होतो. आम्ही म्हणालो, “अरे, घरचंच काम आहे. बाप्पाचं काम आहे.” बैठक हसली. तोही हसला. महिनाभरात तो हैदराबादला गेला.

त्या वर्षी काय झाले, ते इथल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. कीर्तनकार बुवा स्टेशनवर दीड तास बसून राहिले, कारण आणायला कोण जाणार हे ठरलेलेच नव्हते. महाप्रसादाला अन्न कमी पडले आणि दुसऱ्या दिवशी आरासवाल्याला आम्ही दोनदा पैसे दिले, कारण पहिल्यांदा दिल्याची नोंद कुणाकडेच नव्हती. हिशेब लावला तेव्हा, त्या मुलाने जितके मागितले असते त्याहून जास्त रक्कम नुसत्या घोळात गेली होती. आम्ही सरकारी नोकर. महिन्याच्या महिन्याला पगार खात्यात पडतो, म्हणून दुसऱ्याला ‘बाप्पाचं काम’ सांगणे आम्हाला सोपे गेले.

आम्ही त्याला नंतर फोन केला. माफी मागितली म्हणणे मोठे होईल, पण ‘चुकलं’ एवढे म्हणालो. तो म्हणाला, “काका, पैशाचं नव्हतं इतकं. विचारल्यावर सगळे हसले, त्याचं वाटलं.”

म्हणून तरुणांनो, तुम्हाला तीनच गोष्टी सांगतो. काम घेताना कागद करा, एक पान पुरे. त्यात काय करणार आणि काय नाही करणार, दोन्ही लिहा. बयाणा घेतल्याशिवाय तारीख अडवू नका. आणि मित्राच्या बहिणीच्या लग्नालाही बिल द्या. सूट द्यायची तर बिलात लिहून द्या, म्हणजे तुमच्या कामाची किंमत किती हे समोरच्याला कळेल.

आणि आम्हा वडीलधाऱ्यांना एकच विनंती. या वर्षीच्या अंदाजपत्रकात मांडव, मूर्ती, विद्युत, महाप्रसाद या ओळींखाली आणखी एक ओळ घालावी: ‘संयोजन-मानधन’. रक्कम लहान असू द्या, पण ओळ असू द्या. आणि विसर्जनानंतर आठ दिवसांत सगळ्यांचे पैसे चुकते करावेत, हलगीवाल्याचे सगळ्यांत आधी.

पोरगा इव्हेंट मॅनेजमेंट करतो म्हणतोय, त्यात सुटतात किती, या प्रश्नाचे उत्तर निम्मे पोराच्या हातात आहे. उरलेले निम्मे आपण यजमान म्हणून कसे वागतो त्यात आहे. कारण त्याची पहिली गिऱ्हाइके आपणच असणार.

इतके बोलून आम्ही आपली रजा घेतो. गणपती बाप्पा मोरया!