माल्टाला लेकीच्या बाळंतपणासाठी जाताना

(वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला ‘माल्टाचे प्रवासवर्णन’ करावयास सांगितले आहे. परंतु वर्णन ऐकून कोणाचे सामान बांधून होत नाही. आपल्यापैकी तिघींची मुले आज तिकडे नोकरीस आहेत, त्यांतल्या एकीची सून गरोदर आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणून लेकीसाठी तिकडे राहून आलेली एक आई म्हणून उपयोगाचे तेवढेच सांगते.

माल्टा हा सिसिलीच्या दक्षिणेस भूमध्य समुद्रातला चिमुकला देश. क्षेत्रफळ ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बृहन्मुंबईहूनही लहान. १९६४ साली तो इंग्रजांपासून स्वतंत्र झाला. इंग्रजी ही तिथली एक राजभाषाच असल्यामुळे शाळेत शिकलेले मोडकेतोडके इंग्रजीही बाजारात पुरते. दुसरी राजभाषा माल्टी. ती अरबीच्या कुळातली, पण लिहितात रोमन लिपीत. तिच्यात जगाला ‘दिन्या’ म्हणतात आणि पुस्तकाला ‘क्तिएब’. म्हणजे आपली दुनिया आणि किताबच की! बसवरच्या पाट्या वाचताना मात्र जपावे. एक्स या अक्षराचा उच्चार तिथे ‘श’ होतो. मार्साश्लोक हे कोळ्यांचे गाव पाटीवर पाहून मला प्रथम ओळखूच आले नाही.

आता मुख्य गोष्ट, व्हिसाची. माल्टा शेंगेन देशांपैकी आहे. अशा सर्व देशांत मिळून कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. उतरण्याचा दिवस आणि निघण्याचा दिवस, दोन्ही त्यात धरले जातात. पुष्कळ जणी ‘तीन महिने’ असे मनाशी धरून बसतात; तसे नव्हे. मार्चच्या १ तारखेस पाऊल ठेवले तर मेच्या २९ तारखेस ९० दिवस भरतात. ३१ मे पर्यंत राहिलात तर गुन्हा तुमच्या पासपोर्टावर लागतो आणि पुढल्या खेपेस दार बंद होण्याची भीती असते. शिवाय ९० दिवस मिळतीलच असेही नाही. व्हिसाच्या कागदावर जितके दिवस छापलेले असतील तितकेच आपले. मध्येच चार दिवस रोम पाहून आलात तर तेही यातूनच वजा होतात.

म्हणूनच हे दिवस केव्हा खर्चायचे याचा विचार तिकीट काढण्यापूर्वी करावा. माझ्या ओळखीच्या एक बाई हौसेने दोन महिने आधी जाऊन बसल्या. बाळंतपण लांबले, आणि नातू जेमतेम बारा दिवसांचा असताना त्यांना परत यावे लागले. लेकीला आईची खरी गरज तेव्हाच होती. मी तारखेच्या पंधरा दिवस आधी पोहोचले, अधिक लवकर नाही. मला तेच शहाणपणाचे वाटते, मग जावईबापूंनी कितीही आग्रह करोत.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निदान पंधरा दिवस आधी तो द्यावाच लागतो, पण इतके टोकाला जाऊ नये. बोटांचे ठसे घेतात, तेव्हा स्वतः हजर राहावे लागते. निदान ३०,००० युरोचा आजारपणाचा विमा सक्तीचा आहे. तो उतरवताना रक्तदाब, मधुमेह अशी जुनी दुखणी त्यातून वगळली आहेत काय, हे चष्मा लावून वाचावे. एका दलालाने मला ‘सगळे येते हो त्यात’ असे सांगितले होते. कागदावर पाहिले तर तसे नव्हते! रोजची औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवावी. संकटाचा टेलिफोन ११२.

सामानाचे सांगते. दूध आणि मांस यांचे पदार्थ युरोपात नेण्यास मनाई आहे. म्हणजे साजूक तूप, खवा, पेढे घरीच ठेवायचे. कढीलिंबाची ताजी पानेही नेऊ नयेत. मग डिंकाचे लाडू कसे करायचे? मी डिंक, अळीव, सुंठ आणि खारीक कोरडी नेली, आणि तिथले बिनमिठाचे लोणी कढवून तूप केले. तूप उत्तम झाले, लाडूही वळले. नारळाला मुभा आहे, पण एवढे वजन कोण वाहणार? हिंग, मेतकूट आणि भाजलेली बाळंतशेप मात्र अवश्य न्यावी.

विजेचा दाब आपल्याइतकाच, २३० व्होल्ट. परंतु प्लग चौकोनी तीन पायांचा, इंग्लंडसारखा. तेवढा जोड येथूनच न्यावा. वाहने आपल्याप्रमाणे डावीकडून जातात, त्यामुळे रस्ता ओलांडताना जीव घाबरत नाही. आपल्या घड्याळापेक्षा तिकडचे घड्याळ हिवाळ्यात साडेचार तास मागे, उन्हाळ्यात साडेतीन. घरी फोन करताना हे ध्यानात असावे. नाणे युरो, २००८ पासून जुनी लीरा गेली.

घरे मधाच्या रंगाच्या दगडाची, दिसायला सुरेख. पण हिवाळ्यात आत ओल येते आणि बाहेरच्यापेक्षा आतच जास्त गारठा वाटतो. भूमध्य समुद्र म्हणजे सदा ऊन, या समजुतीने कोणी स्वेटर घरी ठेवू नये. नदी एकही नाही. समुद्राचे खारे पाणी गोडे करून नळाला सोडतात. ते पिण्यास चालते, चव मात्र लागत नाही, म्हणून बहुतेक लोक बाटलीचे घेतात. उन्हाळ्यात गावोगावी संतांचे उत्सव असतात आणि दिवसाही दारूकाम उडते. तान्ह्या बाळाच्या घरी त्याची आधी कल्पना असलेली बरी.

बाळ-बाळंतीण सुखरूप असतील आणि दुपार मोकळी मिळाली तर व्हॅलेटा पहावी. पेठेतले उतार आणि पायऱ्या गुडघे दुखणाऱ्यांनी बेताने घ्याव्यात. संत जॉनच्या मोठ्या चर्चमध्ये कॅराव्हाजिओचे १६०८ सालचे भव्य चित्र आहे. तिथे खांदे झाकलेले असावे लागतात, आपल्याला पदराची सोय आहेच. टोकदार टाचांच्या चपला चालत नाहीत. पुराणवस्तूंच्या संग्रहालयात एका निजलेल्या बाईची मातीची मूर्ती आहे, जेमतेम वीतभर, पण पाच हजार वर्षांहून जुनी. कुशीवर वळून, हात उशाशी घेऊन ती इतकी निवांत झोपली आहे की मी तिच्यापुढून लवकर हललेच नाही. ती ज्या भुयारात सापडली तिथे एका वेळी दहाच माणसे सोडतात, म्हणून तिकीट कित्येक आठवडे आधी काढावे लागते.

गोझो बेटावर मोठ्या बोटीने पंचवीस मिनिटांत जाता येते. जाताना तिकीट मागत नाहीत, परतताना घेतात, तेव्हा गोंधळून जाऊ नये. समुद्रातली ती प्रसिद्ध दगडी कमान २०१७ च्या मार्चमध्ये वादळात कोसळली. जुन्या चित्रांवर भुलून तेवढ्यासाठी वाट वाकडी करू नका. शाकाहारी बायकांनी वाटाण्याच्या किंवा चीजच्या पास्तित्सी खाव्या. मात्र पिठात चरबी आहे काय हे विचारून घ्यावे.

अर्जाबरोबर जोडावयाच्या कागदांची यादी मी लिहून आणली आहे. जिला हवी असेल तिने चहाच्या वेळी माझ्याकडून उतरवून घ्यावी. आणि ज्या घरी तारीख जवळ आली आहे त्यांनी आजच दिवस मोजायला बसावे. मी पंचांग आणि पेन्सिल दोन्ही आणले आहे.