गॅस निघतो कुठं, जळतो कुठं?

(राजापेठ, अमरावती इथल्या बैठकीत केलेलं भाषण. बैठकीला धारणी, चिखलदरा, अचलपूर आणि अकोट-तेल्हारा भागातल्या गावांतून लोक आले होते. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी छापत आहोत. गावात वाचून दाखवावं.)



सकाळपासून आपण वनहक्काच्या दाव्यांवर बोललो. कोणाचा दावा वर अडकला, कोणाचा नकाशा चुकला, कोणाले अजून पावतीच नाही. जेवायच्या आधी एका काकानं मधातच विचारलं, "पोरांनो, समृद्धी रोडच्या बाजूनं गॅसची नळी गेली म्हणते. गॅस निघाला का गावाचं भलं होते असंही म्हणते. उद्या आपल्याकडं कोणी आलं तं हो म्हनाचं का नाही म्हनाचं?"

सवाल बरोबर आहे. मुंबईहून नागपूरकडं येणारी गॅसची पाइपलाइन समृद्धी महामार्गाच्या कडेनं टाकली. तो महामार्ग आपल्याच जिल्ह्यात नांदगाव खंडेश्वर, चांदूर रेल्वे, धामणगाव रेल्वे या तालुक्यांतून जातो. म्हणजे ही दूरची गोष्ट राहिली नाही. आम्ही काही जणांनी बसून वाचलं, विचारलं, लिहून काढलं. तेच तुमच्यासमोर ठेवतो.

आधी खरं बोलू. गॅसचा फायदा होतो. आपण संघटनेचे लोक म्हणून प्रत्येक गोष्टीले नाही म्हणायचं, असं आमचं म्हणणं नाही.

जमिनीतून निघणारा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. त्याच्यापासून युरिया बनतो. दुकानात 45 किलोची युरियाची बॅग 266 रुपये 50 पैशाले मिळते, तिचा मुख्य कच्चा माल गॅस आहे. गॅसवर वीज होते, कोळशापेक्षा धूर आणि राख कमी. शहरात नळीनं घराघरात गॅस जातो, गाड्या चालतात. देशाला लागणाऱ्या गॅसपैकी जवळपास अर्धा बाहेरून विकत आणावा लागतो. आपल्या मुलखात निघाला तर तेवढा पैसा देशात राहतो. हे सगळं खरं आहे.

आणि आमच्या बायांले विचारा. डोक्यावर मोळी घेऊन दोन-दोन कोस चालणं, पावसाळ्यात ओल्या लाकडाचा धूर डोळ्यात घेणं, नाक्यावर गार्डनं अडवणं. ज्या घरात चूल सुटली त्या घरातली बाई गॅस वाईट आहे असं कधी म्हणणार नाही. 2016 पासून उज्ज्वला योजनेत सिलिंडर आले. पण किती घरांत तो आज रिकामा उभा आहे, हेही तुम्हालाच माहीत. मजुरी पंधरा दिवसांनी येते, भरलेला सिलिंडर रोख मागतो. (सिलिंडरातला गॅस आणि पाइपलाइनचा गॅस वेगळा असतो, पण घरचा हिशेब तोच.)

मग प्रश्न असा, की फायदा होतो तर कोणाचा होतो? गॅस ज्या गावाजवळ निघतो त्याचा, का ज्या गावापर्यंत नळी जाते त्याचा? चार ठिकाणं पाहू.

पहिलं आपल्याच राज्यातलं. मुंबईच्या समुद्रात बॉम्बे हायला 1974 साली तेल आणि गॅस सापडला, 1976 साली उत्पादन सुरू झालं. तिथला गॅस उरणला येतो. उरणला 672 मेगावॅटचं गॅसवरचं वीज केंद्र झालं. अलिबागजवळ थळला खताचा कारखाना झाला. राज्याला वीज मिळाली, शेतकऱ्याला खत मिळालं, मुंबईच्या इमारतींत नळीचा गॅस आला. पण थळच्या प्रकल्पग्रस्तांच्या नोकऱ्यांचा प्रश्न पुढं वर्षानुवर्षं चालला. आणि त्याच रायगड जिल्ह्यातले आपले कातकरी भाऊ आजही वीटभट्टीवर जातात.

दुसरं, वसईसमोरच्या समुद्रातला गॅस. तो वसईला उतरलाच नाही. गुजरातमध्ये हजिऱ्याला उतरला, आणि तिथून मोठी नळी मध्य प्रदेशात विजयपूरला, पुढं उत्तर प्रदेशात जगदीशपूरला गेली. तिकडं खताचे कारखाने उभे राहिले. तिथल्या शेतकऱ्याचं भलं झालं, त्याचा आम्हाला राग नाही. पण यातून एक गोष्ट कळते. नळी कुठून कुठं न्यायची हे ठरवणारा माणूस जिथं बसतो, तिथून फायद्याचा रस्ता ठरतो.

तिसरं ठिकाण आपल्यासारखंच आहे. मध्य प्रदेशातला शहडोल जिल्हा. गोंड, बैगा लोकांचा मुलूख. तिथं कोळशाच्या थरात अडकलेला गॅस काढतात, 2017 पासून त्याचं व्यापारी उत्पादन सुरू झालं. हा गॅस काढायला आधी कोळशाच्या थरातलं पाणी उपसावं लागतं. मग गॅस सुटतो. तो गॅस 302 किलोमीटर नळीनं उत्तर प्रदेशात फुलपूरला जातो. तीनशे दोन किलोमीटर! विहिरी शहडोलात, पाणी शहडोलातलं, आणि चूल पेटते दुसऱ्या राज्यात. हे आपण नीट ध्यानात ठेवलं पाहिजे. वर्धा नदीच्या खोऱ्यात वणी, चंद्रपूरकडं कोळसा आहेच. कोळसा असतो तिथं हा गॅसही असू शकतो.

चौथं ठिकाण त्रिपुरा. तिथं आदिवासी लोकसंख्या मोठी आहे. गॅस खूप होता, पण राज्य कोपऱ्यात, नळीनं लांब नेणं परवडत नव्हतं. म्हणून पालाटानाला 726 मेगावॅटचं वीज केंद्र बांधलं, 2013 साली ते सुरू झालं. गॅस राज्यातच जळतो, वीज ईशान्येच्या राज्यांना जाते. 2016 साली त्रिपुरातून 100 मेगावॅट वीज बांगलादेशलाही जाऊ लागली. आगरतळ्यात घरोघर नळीचा गॅस आहे. म्हणजे माल जागेवर वापरला तर त्या भागाला काहीतरी मिळते. आदिवासी पाड्यावर किती मिळते, तो भांडण्याचा वेगळा विषय. पण निदान भांडायला वस्तू तिथंच आहे.

आता कायद्याकडं येतो. इथं लक्ष द्या.

समुद्रातल्या गॅसची रॉयल्टी केंद्राला जाते, जमिनीवरच्या गॅसची राज्याला. गावसभेचा हिस्सा असा कुठं लिहिलेला नाही. कोळसा, लोखंड, बॉक्साइट या खाणींसाठी 2015 पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. खाणवाल्यानं त्यात पैसा भरायचा आणि तो खाणबाधित गावांवर खर्च करायचा. तेल आणि गॅस त्या कायद्यात बसतच नाहीत. म्हणजे कोळसा काढला तर गावाच्या नावानं थोडा तरी पैसा जमा होतो, त्याच कोळशातला गॅस काढला तर तोही नाही.

पाइपलाइनसाठी 1962 चा कायदा आहे. त्यात जमीन तुमच्याच नावावर राहते, सरकार फक्त वापराचा हक्क घेते. त्यासाठी बाजारभावाच्या दहा टक्के रक्कम मिळते, आणि पीक-झाडाचं नुकसान झालं तर त्याचे वेगळे. पण त्या पट्ट्यावर पुढं घर बांधता येत नाही, विहीर-तळं खोदता येत नाही, झाड लावता येत नाही. हरकत घ्यायला राजपत्रात सूचना निघाल्यापासून 21 दिवस. भरपाई पटली नाही तर जिल्हा न्यायाधीशाकडं जाता येते. एकवीस दिवस, आणि राजपत्र आपल्या गावात कोण वाचते?

धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. पेसा कायद्यानं तिथं जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी सल्लामसलत करावी लागते. 2009 साली केंद्रानं परिपत्रक काढलं, की वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर आधी वनहक्क पूर्ण करा आणि ग्रामसभेची संमती घ्या. 2013 च्या फेब्रुवारीत त्यातून रस्ते, नळ्या, विजेच्या तारा अशा लांबट कामांना संमतीतून सूट दिली. हे आपल्याला माहीत असलं पाहिजे, नाहीतर अधिकारी एक परिपत्रक दाखवते आणि आपण गप्प बसतो. पण त्याच वर्षी ओडिशात नियमगिरीच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नाही म्हटलं, आणि ते देशाला ऐकावं लागलं.

रोजगाराचंही सांगतो. आमच्यातली काही पोरं दुसऱ्या जिल्ह्यात नळीच्या खोदाईवर गेली होती. काम अडीच महिने चाललं. शेवटच्या दोन हप्त्यांची मजुरी ठेकेदारानं बुडवली. आता तिथं यंत्र चालते आणि राखणीला दोन माणसं असतात. गॅसच्या कामात खोदताना हात लागतात, नंतर नाही. म्हणून "रोजगार देऊ" म्हटलं का विचारायचं, किती दिवसाचा?

धोकाही असतो. आसाममध्ये बाघजानला 2020 च्या मे महिन्यात गॅसची विहीर फुटली, जूनमध्ये पेटली, नोव्हेंबरात विझली. हजारो लोक छावणीत राहिले. आंध्रात नगरम गावाला 2014 साली पाइपलाइन फुटून वीसहून जास्त माणसं गेली. घाबरवायला सांगत नाही. नळी गावाजवळून जाणार असेल तर हे विचारणं आपला हक्क आहे, म्हणून सांगतो.

तर काकाच्या सवालाचं उत्तर. हो किंवा नाही म्हणण्याआधी ग्रामसभेनं ठराव करावा. आमची सूचना अशी :

1. आधी वनहक्काचे वैयक्तिक आणि सामूहिक दावे निकाली काढा, मग मोजणी करा. भरपाई वाटताना आधी कागद विचारतात. ज्याचं नाव कागदावर नाही तो आपल्याच वावरात परका.

2. सूचना मराठीत, लेखी, ग्रामसभेसमोर वाचून दाखवा. कोऱ्या कागदावर कोणी सही-अंगठा देऊ नये.

3. गॅस किंवा वीज आधी आश्रमशाळा, दवाखाना आणि बाधित गावांना द्या.

4. गॅसच्या रॉयल्टीतून दरवर्षी ग्रामसभेच्या खात्यात हिस्सा. कायद्यात नाही म्हणून मागायचं नाही असं नसते. वनहक्क कायदाही 2006 च्या आधी नव्हता.

5. काम सुरू होण्याआधी आणि नंतर विहिरी-नाल्यांच्या पाण्याची तपासणी. धोक्याच्या वेळी काय करायचं त्याचा गावात सराव.

6. मजुरी बँकेत, आणि हजेरीची नक्कल ग्रामसभेकडं.

शेवटची गोष्ट. हक्क आधी, माल नंतर, हे आपल्याकडं करून दाखवलेलं आहे. आपल्याच जिल्ह्यात पायविहीर गावानं 2012 साली सामूहिक वनहक्क मिळवला, उजाड रान राखलं, आणि सीताफळ स्वतः विकलं. गडचिरोलीत मेंढा-लेखानं बांबूचं तेच केलं. माल तोच होता, आधी दुसरे नेत होते. हक्काचा कागद हातात आल्यावर हिशेब गावात आला.

आणि मिथेन आपल्या गोठ्यातही आहे. चार जनावरांच्या शेणावर दोन घनमीटरचं गोबरगॅस चालते, चार-पाच माणसांचा स्वयंपाक होते. पाणी लागते आणि थंडीत गॅस कमी पडते, हे आधीच सांगतो. ज्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो तिथं आधी पाण्याचं पाहावं लागेल. पण वनहक्क कायद्याच्या कलम 3(2) मध्ये ज्या तेरा सोयींसाठी ग्रामसभेच्या शिफारशीनं एक हेक्टरच्या आत वनजमीन मिळते, त्यात अपारंपरिक ऊर्जाही आहे. शाळा आहे, दवाखाना आहे, ते आपण मागतो. हे आजवर किती गावांनी मागितलं? त्या नळीचं एक टोक गोठ्यात, दुसरं चुलीत. मधात तीनशे किलोमीटर नाही.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेत हा ठराव प्रत्येक गावानं मांडावा. नक्कल संघटनेकडं पाठवा, मूळ ठराव गावाच्या वहीत ठेवा. नळी येवो का न येवो, वही तयार पाहिजे.

जोहार. आमच्या गावात आम्हीच सरकार!