चित्रपटाचें कोठार



चित्रपट पाहून घरीं परततांना नटांचीं, दिग्दर्शकाचीं, फार तर संगीतकाराचीं नांवें आपल्या ओठांवर असतात. तें चित्र पडद्यावर येण्यापूर्वीं कित्येक महिने कोठें व कसें सांभाळलें गेलें, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. आज त्या कोठाराविषयीं थोडें बोलावयाचें योजिलें आहे.

पूर्वीं चित्रणाची फीत डब्यांत भरून फळीवर ठेवीत. त्या कोठाराचा मोठा शत्रु अग्नि. २००३ सालीं पुण्यास नायट्रेट फितींच्या संग्रहास आग लागून जुन्या चित्रपटांच्या कित्येक फिती भस्मसात् झाल्या. आतां चित्रण बहुधा आंकड्यांच्या रूपानें हार्ड डिस्कच्या तबकड्यांवर उतरतें; आणि संकलक, रंग जुळविणारा, ध्वनि जुळविणारा असे अनेक कारागीर आपापल्या खोलींत बसून एकाच वेळीं तेंच चित्रण मागतात. म्हणून अनेक तबकड्यांची एक सामाईक पेटी ठेवून ती तारांनीं सर्वांच्या यंत्रांस जोडतात. हेंच नेटवर्क स्टोरेज.

अशी पेटी घेतांना ग्राहक बहुधा प्रथम जागा विचारतो. माझ्या मतें पहिला प्रश्न वेगाचा असावा. प्रोरेस ४२२ एचक्यू ह्या प्रचलित पद्धतीचें फोर-के चित्रण, सेकंदास २४ चित्रें धरल्यास, सेकंदास सुमारें ७०७ मेगाबिट मागतें. तासास सुमारें ३१८ गिगाबाइट. कचेऱ्यांतून सर्रास आढळणारी एक गिगाबिटची जोडणी सेकंदास फार तर १,००० मेगाबिट वाहून नेते. म्हणजे तिच्यावर असा एकच प्रवाह चालेल. दुसरा सोडला कीं चित्र अडखळलेंच. तिघां कारागिरांस प्रत्येकीं दोन प्रवाह हवे असतील, तर बेरीज ४,२४२ मेगाबिट होते. तेथें पेटीची जोडणी दहा गिगाबिटची घेणेंच शहाणपणाचें. शिवाय वाट रुंद केली तरी तबकड्यांनींही तितका पुरवठा केला पाहिजे. अनेकांनीं एकदम मागणी केली म्हणजे फिरत्या तबकडीवरील वाचक-शीर्ष इकडून तिकडे धांवत राहतें व तिचा वेग घटतो. यास्तव थोड्या मोठ्या तबकड्यांपेक्षां अधिक लहान तबकड्या पुष्कळदां बऱ्या.

दुसरा प्रश्न टिकाऊपणाचा. तबकडी आज ना उद्यां बिघडणारच. १९८८ सालीं बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ ह्या तिघांनीं तबकड्यांचा समूह करून एकीची उणीव इतरांकडून भरून काढण्याच्या रीति मांडल्या. त्यांस ‘रेड’ म्हणतात. पुढें रूढ झालेल्या ‘रेड ६’ ह्या रीतींत आठांपैकीं दोन तबकड्यांइतकी जागा संरक्षणांत जाते, परंतु दोन एकदम निकामी झाल्या तरी काम बुडत नाहीं. ही उधळपट्टी नव्हे. मोठ्या तबकडीची भरपाई होण्यास कित्येक तास, क्वचित् दिवसही लागतात आणि त्याच अवधींत दुसरी बिघडण्याचा धोका असतो.

मात्र ह्या संरक्षणास कोणीं प्रत समजूं नये. कोणाच्या हातून चित्रण पुसलें गेलें, तर यंत्र आज्ञाधारकपणें सर्व तबकड्यांवरून तें पुसून टाकतें! १९९८ सालीं अमेरिकेंत ‘टॉय स्टोरी २’ ह्या चित्रपटाचा बहुतेक भाग असाच एका चुकीच्या आज्ञेनें नाहींसा झाला. राखीव प्रती पाहूं जातां त्याही सदोष निघाल्या. गॅलिन सुसमन ह्या बाई घरून काम करीत असत. त्यांच्या घरच्या यंत्रावरील प्रतीमुळें काम वांचलें.

ह्यांतून नियम निघतो तो साधा आहे: प्रती तीन, साधनें दोन प्रकारचीं आणि एक प्रत दुसऱ्या इमारतींत. ह्या तिसऱ्या प्रतीसाठीं चुंबकीय फीत अद्यापि उत्तम. एलटीओच्या नवव्या पिढीच्या एका फितींत १८ टेराबाइट मावतात, आणि फळीवर ठेवलेल्या फितीस चुकीची आज्ञा पोंचत नाहीं. मधूनमधून त्या प्रतींतून चित्रण परत उतरवून पाहावें. न तपासलेली प्रत ही नुसती समजूत होय.

लहान स्टुडिओचा पैसा मोजका असतो. त्यानें जागा थोडी कमी घ्यावी, पण प्रतींचा खर्च टाळूं नये. यंत्र पुन्हां विकत मिळतें. एखाद्या वृद्ध गायकाचें शेवटचें चित्रण पुन्हां मिळत नाहीं. आपल्या घरांतील मुलाबाळांच्या छायाचित्रांसही हाच न्याय लागू आहे, हें श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें.