फुकट आणि मुक्त

ता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें 'विंडोज १०' या संचालन-प्रणालीस मिळणारें नेहमीचें साहाय्य थांबविलें. त्यामुळें अनेक कुटुंबांपुढें एक चमत्कारिक पेंच उभा राहिला. घरांतील संगणक धडधाकट आहे. मुलांचा अभ्यास आणि घरचा हिशेब त्यावर बिनबोभाट चालतो. परंतु 'विंडोज ११' ला हवी असलेली सुरक्षेची चिप किंवा नवा प्रोसेसर त्यांत नाहीं. अशा वेळीं शेजारचा एखादा विद्यार्थी म्हणतो, "काका, लिनक्स घाला, फुकट मिळतें." सल्ला चांगला आहे, त्यांतील 'फुकट' हा शब्द मात्र फसवा आहे.

इंग्रजींत 'फ्री' या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात. आपल्या भाषेंत त्यांसाठीं फुकट आणि मुक्त असे दोन निराळे शब्द आहेत. १९८३ सालीं अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन यांनीं 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली, ती दुसऱ्या अर्थानें. प्रोग्राम वापरावा, त्याची आंतील रचना तपासावी, ती बदलावी आणि इतरांस द्यावी, हे अधिकार प्रत्येकास असावेत, एवढाच त्यांचा आग्रह होता. १९९१ सालीं हेलसिंकी विद्यापीठांतील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यानें लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला, आणि या दोहोंच्या मिलाफांतून एक संपूर्ण मुक्त प्रणाली उभी राहिली. तिला बहुधा दाम पडत नाहीं. पण ती सांभाळण्याचे श्रम कोणास तरी करावेच लागतात.

जर्मनींतील म्युनिक नगराची हकीकत या बाबतींत बोधप्रद आहे. तेथील पालिकेच्या कचेऱ्यांतून 'विंडोज एन्‌टी' चालत असे. तिचें साहाय्य संपत आलें, तेव्हां पुढें काय करावें हा प्रश्न नगरसभेपुढें आला. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बॉल्मर स्वतः महापौर क्रिस्तियान उडे यांच्या भेटीस गेले. कंपनीनें किंमतही उतरविली. तरीही मे २००३ मध्यें सभेनें लिनक्सच्या बाजूनें कौल दिला. प्रत्यक्ष बदल २००६ मध्यें सुरू झाला आणि २०१३ च्या अखेरीस पुरा झाला. सुमारें १५ हजार संगणक नव्या प्रणालीवर आले.

एवढीं वर्षें कां लागलीं? प्रणाली घालण्याचें काम थोड्या वेळाचें असतें. परंतु निरनिराळ्या खात्यांनीं वर्षानुवर्षें रचलेले पत्रांचे नमुने, अर्ज आणि तक्ते जुन्या प्रोग्रामांशीं जखडलेले होते. ते सोडविण्यासाठीं पालिकेनें 'वोलमक्स' नांवाचें साधन तयार केलें आणि तेंही सर्वांस खुलें ठेवलें.

इतकें करूनही २०१७ सालीं त्याच नगरसभेनें विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. बाहेरून आलेले कागद नीट उघडत नाहींत, अशा तक्रारी होत्या. महापौर बदलले होते आणि सभेंतील वारेही. २०१६ मधील सल्लागारांच्या अहवालानें मात्र संगणक-विभागाच्या विस्कळित रचनेवरही बोट ठेवलें होतें. ही घडी विसकटलेली असेल, तर प्रणाली कोणतीही आणा, तक्रारी राहणारच.

याच्या उलट उदाहरण फ्रान्सच्या 'जांदार्मरी' या पोलीस दलाचें. त्यानें प्रथम जुन्या विंडोजवरच ओपनऑफिस आणलें. मागून फायरफॉक्स आणि थंडरबर्ड आणले. या प्रोग्रामांवर लोकांचा हात बसल्यावर, २००८ पासून, खालची प्रणाली बदलून उबुंटू हा लिनक्सचा प्रकार घेतला. रोजची खिडकी ओळखीची राहिल्यानें खालचा पाया बदलल्याचें कोणास फारसें जाणवलें नाहीं. हुकूम एका जागेवरून सुटत होता, हेंही खरें. हळूहळू दलाचे बहुसंख्य संगणक नव्या प्रणालीवर आले, आणि तेथें ती टिकली.

गृहस्थानें हाच क्रम धरावा. आधीं सर्व कागदपत्रें व छायाचित्रें यांची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी. मग लिब्रेऑफिस व फायरफॉक्स जुन्या प्रणालीवरच वापरून पाहावे. त्यानंतर पेन-ड्राइव्हवरून लिनक्स चालवावें. तेवढ्यानें मूळ प्रणालीस धक्का लागत नाहीं, आणि छापयंत्र व वायफाय चालतात कीं नाहीं, हें कळतें. मराठी घरांत आणखी एक अडचण निघते. युनिकोडपूर्वींच्या फाँटांत लिहिलेले जुने लेख तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक अक्षरांसारखे दिसतात. ते आधींच युनिकोडमध्यें बदलून घ्यावे. जो प्रोग्राम केवळ विंडोजवरच चालतो आणि ज्यावांचून धंदा अडतो, त्याची चौकशीही आधींच करावी; त्यास पर्याय नसेल, तर बदल न करणें हेंच शहाणपण.

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : अडल्यावर विचारावें कोणास? घरांतील एक माणूस तरी शिकण्यास तयार असावा, किंवा जाणता शेजारी हांकेच्या अंतरावर असावा. तेवढी सोय झाली, तर धडधाकट यंत्र भंगारांत जाण्याचें वांचेल, आणि त्याचें आयुष्य कोणा दूरच्या कंपनीच्या वेळापत्रकावर अवलंबून राहणार नाहीं. फुकट मिळालेली वस्तु अडगळींत पडूं शकते. मुक्त वस्तु मात्र सांभाळणारा असेल तोंवरच मुक्त राहते.