फडावरच्या लेकरांची लस

परिषदेला जमलेली डॉक्टर मंडळी आणि पहाटेची एसटी पकडून आलेल्या आशाताई व एएनएम भगिनींनो,

मी डॉक्टर नव्हे, सांगलीत ऊस लावणारा शेतकरी. त्यामुळे बोलणार ते हिशेबाचंच.

या देशात देवीची लस पहिल्यांदा लागू पडली ती आपल्या मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. देवी गेली. वाइल्ड पोलिओचा आपल्याकडचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला. हे आपण मला सांगायचं, मी आपल्याला नव्हे!

अर्थतज्ज्ञांनी ९४ गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांचा २०११ ते २०२० चा हिशेब मांडला. लसीकरणावरच्या एका डॉलरमागे सोळा डॉलर वाचतात, असं निघालं. त्यात औषधपाणी आलं, बुडालेली मजुरीही आली. उसात एवढा उतारा मी पाहिलेला नाही.

ही बुडालेली मजुरी आमच्या उसाच्या फडात येऊन बघा. दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दोघांच्या नावावर घेतलेली. पोराला गोवर निघाला, ताप उतरेना, की आई कोपीत, म्हणजे झोपडीत, बसून राहते. कोयता अर्धा होतो, मुकादम खाडा लावून मजुरी कापतो, उचल फिटत नाही. म्हणजे एक चुकलेली सुई पुढच्या हंगामाच्या कर्जात जाते. गोवराचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. नेमकं तेव्हा पोर गावात नसतं आणि लसीकरणाचं कार्ड गावाकडच्या पेटीत असतं. इथली यादी म्हणते, हे आमचं नाही. तिथली म्हणते, ते गावात नाही.

आमच्या सिस्टर मात्र लसींचा डबा घेऊन फडावर जातात. लसीच्या शिशीवरच्या गोलातला चौकोन मी त्यांच्याकडूनच ओळखायला शिकलो. उष्णता लागून तो गोलाइतका काळा झाला की शिशी बाद. चिखलाच्या वाटेवर तो चौकोन पांढरा राखणं सोपं नाही. आमचा साखर कारखाना स्लिपबॉय धाडून प्रत्येक फडाची नोंद ठेवतो. लेकरांची कधी ठेवली नाही. ती या हंगामापासून ठेवू आणि आरोग्य केंद्राला देऊ.

दुपारच्या सत्राला मुकादमांना बोलावलं आहे. त्यांना आधी बोलू द्या, स्लाइड नंतर दाखवा.